मंत्र्याचं उत्तर मी देत होते

अहो,

तुम्हाला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. आपलं सगळं बोलणं आणि सगळं भांडण तोंडानंच झालं. पण उद्या सकाळी पक्षाचे लोक माझं उत्तर घ्यायला येणार आहेत, आणि त्यांच्याशी बोलायच्या आधी मले तुमच्याशी भांडायचं आहे. शाळेत शिकवलेलं मराठी लिहायचा प्रयत्न करते. राग आला की ते सुटतं, तेवढं चालवून घ्या.

पहिली गोष्ट, तुम्ही गेलेच कायले?

सकाळी छातीत कळ आली तेव्हा मी म्हटलं होतं, गाडी सरळ अकोल्याला घेऊ. तुम्ही काय म्हणाले? "आमदारच खाजगीत गेला तं लोकायनं कुठं जावं?" झालं! तुमचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नेलं मग आपल्याच गावच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टर बिचारा धावत आला, त्याला मी बोल लावणार नाही. पण स्ट्रेचर ओढायला माणूस होता का तिथं? नव्हता. ज्या बाया ते काम करत होत्या, त्यांना नव्या ठेकेदारानं घरी बसवलं होतं. "माझे लोक आणतो," म्हणाला होता, ते काही आणले नव्हते. मग तुमच्या ड्रायव्हरनं आणि मी ओढलं तुम्हाला. एक चाक अडकून राह्यलं होतं. आणि तुम्ही त्या हालतीत मला म्हणता, "सुमन, हे बी प्रश्नात टाकू."

काय टाकू, हो? नवऱ्याचा श्वास टाकू का प्रश्नात? त्या वेळी सुद्धा तुम्हाला विधानसभाच दिसत होती. माझ्याकडे एकदा नीट बघितलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?

लोक म्हणतात, दामूभाऊ मोठा माणूस होता. असेल. मी मात्र तुम्हाला रिसोडच्या धान्य बाजारात पाठीवर सोयाबीनची पोती वाहताना पाहिलं आहे. हमालांनी तुम्हाला पुढारी केलं, मग गावानं, मग मतदारसंघानं. मी अनसिंगच्या भाजीवाल्यांची पोर. तुम्ही आमदार झाले आणि बायका म्हणाल्या, आता काय बाप्पा, सुमनबाई खुर्चीवर बसतील! कुठची खुर्ची? सकाळी वावरातून मेथी उपटून आणायची, निवडायची, जुड्या बांधायच्या आणि बाजाराला पाठवायची, हे काही माझं सुटलं नाही. तुम्हालाही ते सुटलेलं चाललं नसतं, कारण माझं मेथी निवडणं म्हणजे तुमची तालीम होती.

आठवतं ना? अधिवेशन जवळ आलं की तुम्ही ओट्यावर माझ्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "तू मंत्री हो."

मी हातातली जुडी खाली न ठेवता मंत्री व्हायची. तुम्ही घसा साफ करून सुरू करायचे, "अध्यक्ष महोदय, जऊळक्याच्या स्टेशनावर गाडी येते तेव्हा तिथं जायला एसटी का नाही? कामाला जाणारी पोरं चालत जाऊन राह्यली, याची शासनाला माहिती आहे का?" मी मान न उचलता म्हणायची, "सन्माननीय सदस्यांच्या भावना समजू शकतो. तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल." तुम्ही म्हणायचे, "कधीपर्यंत?" मी म्हणायची, "लवकरात लवकर." मग तुम्ही चिडायचे, खरोखर चिडायचे! पुन्हा विचारायचे, शब्द बदलून, कोपऱ्यात धरून. आणि मी अशी काही निसटायची की शेवटी तुम्हीच हसून खाली बसायचे. "तू तं मंत्र्याच्या बी वरची निंगाली व! कुठून शिकली हे?"

कुठून शिकणार? तुम्हीच तर तिथली उत्तरं घरी आणून वाचून दाखवत होते. मेथीसोबत तीही निवडून झाली माझी.

भरतीसाठी पहाटे रस्त्यानं धावणाऱ्या पोरांचा प्रश्न, रिकाम्या पडलेल्या जागांचा प्रश्न, हमालांच्या पाठीचा, अंगणवाडीच्या बायांचा, सगळे प्रश्न आधी आपल्या ओट्यावर विचारले गेले, मग सभागृहात. तुम्ही म्हणायचे, लेखी उत्तर म्हणजे नुसती दारावरची पाटी, खरा खेळ उपप्रश्नात आहे. मंत्र्याचं उत्तर झालं की उठायचं आणि एवढंच म्हणायचं, कधीपर्यंत? बाकी भाषण नाही. जऊळक्याची एसटी त्या एका शब्दावर सुरू झाली. ती आजही चालू आहे. पोरं बसतात तिच्यात, कुणाला मालूमही नसेल कोणामुळं.

आणि शेवटचा प्रश्न होता दवाखान्यातल्या बायांचा.

वर्षानुवर्षं फरशी पुसली, बाळंतिणींचे कपडे उचलले, स्ट्रेचर ओढलं, आणि ठेकेदार बदलला तसं एका सकाळी फाटकावरूनच परत पाठवलं. शेवंता आपल्या दारात येऊन रडली होती. "भाऊ, मी घरी काय करू? मले तं दुसरं येतच नाई." तुम्ही तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यानं उभं राहून तोंडानं उत्तर द्यावं लागेल असा. पक्षातल्या किती जणांना म्हणाले, तुमची बी सही करा. कुणी केली? कुणीच नाही. ठेकेदार कोणाचा माणूस आहे ते सगळ्यांना ठाऊक. तुम्ही एकट्यानं सही केली आणि मला म्हणाले, "एकट्याचाच बरा, वाटे नाई पडत."

एकट्याचा होता म्हणूनच तो बुडाला, हे सांगायला बसले आहे मी.

नागपूरला अधिवेशन सुरू झालं त्या दिवशी मला बोलावलं होतं. शोकप्रस्ताव होता तुमचा. मला गॅलरीत बसवलं. खाली एकेक उठत होता आणि बोलत होता. "रोजगार, कामगारांचे हक्क आणि सार्वजनिक सेवा या विषयांवर दिवंगत सदस्यांनी मोलाचं योगदान दिलं." अहो, हाच ना तो, तुम्ही बोलायला उठले की चहा प्यायला बाहेर जाणारा? आणि आपल्या पक्षाचे जिल्ह्यातले मोठे आमदार, साहेब! त्यांचा तर आवाज दाटून आला. ज्यांनी सही करायला पेन उचललं नाही, त्यांनी रुमाल उचलला! मला वाटलं, वरूनच ओरडावं, "खोटं बोलून राह्यले हे!" पण दारात शिपाई होता आणि सगळे उभे राहून शांत झाले होते. मीही उभी राहिले. त्याची मले अजून लाज वाटते.

मग तुमच्या सन्मानासाठी सभागृह त्या दिवसापुरतं बंद केलं. दिवसभर काम नाही! आणि तुम्हाला कामबुडवेपणाची एवढी चीड!

बाहेर आल्यावर मी तिथल्या एका माणसाला विचारलं, माझ्या नवऱ्याचा दवाखान्याचा प्रश्न होता, तो कधी लागणार? भला माणूस होता. हळूच म्हणाला, "ताई, सदस्यच राहिले नाहीत. प्रश्न व्यपगत झाला."

व्यपगत! मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. म्हणजे काय, म्हटलं. म्हणजे आपोआप संपला. विचारणारा गेला म्हणून प्रश्न गेला. शेवंता जिवंत आहे, तिच्यासोबतच्या बाया जिवंत आहेत, दवाखाना उभा आहे, स्ट्रेचरचं ते चाक अजून अडकते, पण प्रश्न मेला! हा कोणता न्याय आहे, सांगा मले? उत्तर देणारा मेला असता तर त्याच्या जागी दुसरा बसवला असता की नाही लगेच?

गाडीत बसून वाशिमपर्यंत मी तोच एक शब्द घोकत आले.

आता परवाची गोष्ट. साहेब घरी आले. सोबत कोण असेल सांगा? तोच ठेकेदार. तुमच्या फोटोला घालायचा हार त्यानंच आणला होता. हात कसा पोचला त्याचा तिथपर्यंत? मी चहा केला. साखर मुद्दाम घातली नाही. दोघांनी तसाच पिला, तेवढाच माझा सूड.

साहेब म्हणाले, "वहिनी, पोटनिवडणुकीचं तिकीट तुमचं. सध्या भाऊंची लाट आहे. तुम्ही फक्त हात जोडून गाडीवर उभं राहायचं. बोलायचं काही नाही, बोलायला आम्ही आहोत."

बोलायचं काही नाही! तुमच्या बायकोला म्हणून राह्यला तो हे, तुमच्या फोटोखाली बसून.

मी विचारलं, "यांचा दवाखान्याचा प्रश्न तुम्ही टाकाल का परत? तुमच्या सहीनं?"

ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या भावना मी समजू शकतो."

मी चमकले. मी म्हटलं, "मंग?"

"तपासून बघू ना. नक्की काहीतरी करू."

"कधीपर्यंत?"

"लवकरात लवकर."

अहो, माझेच शब्द! ओट्यावर बसून मी तुम्हाला देत होते, तीच उत्तरं, त्याच क्रमानं. मी हसत होते तेव्हा, तुम्हाला चिडवत होते. समोर बसून ऐकताना कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही इतकी वर्षं हे कसं सोसलं? आणि घरी येऊन परत माझ्याकडून का ऐकलं? छातीत कळ येणार नाही तर काय होईल माणसाच्या!

ठेकेदार म्हणाला, "विचार करून सांगा, घाई नाही." मी त्याला म्हटलं, "घाई तुमाले नाई. स्ट्रेचरवर पडलेल्याले असते." त्यानं कप खाली ठेवला. उत्तर घ्यायला तीन दिवसांनी येतो म्हणून गेले दोघं.

आज दुपारी शेवंता आणि तिच्यासोबतच्या बाया आल्या. न सांगता मेथीच्या ढिगापाशी बसल्या आणि जुड्या बांधायला लागल्या. शेवंता म्हणाली, "वहिनी, भाऊचा प्रश्न आता कोन इचारन?"

मी म्हटलं, "पहिले मले इचारून तं पाहू दे. तू मंत्री हो."

"काय माय! मी?"

"हाव, तूच. बस त्या खुर्चीवर."

बसली. पदर सारखा केला, पाय जुळवून घेतले. बाया खिदळायला लागल्या. मी तुमच्या जागेवर उभी राहिले, ओट्याच्या कडेला. घसा साफ केला. "अध्यक्ष महोदय, दवाखान्यातून काढलेल्या बायांना कामावर परत घेणार का? आणि घेणार तर कधीपर्यंत?"

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "घेतो न. उद्या सकाळच्या पाळीपासून."

बाया जुड्या टाकून तिच्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "अवं, असं नाई म्हनायचं. तपासून पाहू म्हनायचं. कार्यवाही करू म्हनायचं."

"काहून? काय तपासायचं हाय त्याच्यात? काम हाय, आमी हावो. या म्हना उद्या."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. शब्द बदलून विचारलं, तरी ती "या म्हना" च्या पुढं जाईना. निसटायचं कसं ते तिला येतच नव्हतं. मी रागावले तिच्यावर, अहो, खरंच रागावले. अशानं माझी तयारी कशी होणार? आणि रागावता रागावता मला रडू आलं, तुम्ही गेल्यापासून न आलेलं. शेवंता खुर्चीवरून उतरली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या वहिनी, मले मंत्री नाई होता येत."

तर ऐका. उद्या साहेबाला मी सांगणार आहे, उभी राहते. पण हात जोडून नाही. प्रचाराच्या पहिल्या सभेपासून हाच प्रश्न विचारत फिरेन, ठेकेदाराचं नाव घेऊन. नाही म्हणाले तर तिकीट त्यांना लखलाभ, मी अपक्ष उभी राहीन. निवडून आले तर तो प्रश्न माझ्या सहीनं जाईल, तुमच्या आठवणीचा म्हणून नाही, शेवंताच्या कामाचा म्हणून. आणि पडले तर दवाखान्याच्या फाटकावर उभी राहून विचारीन. मी आहे तोवर तो व्यपगत होणार नाही. हा शब्द देते तुम्हाला, आणि माझं भांडण अजून मिटलं नाही हेही लक्षात ठेवा.

बाया अजून ओट्यावरच आहेत. मेथी बरीच उरली आहे.

तुमची,
आजपासून मंत्रिपद सोडलेली,
सुमन