खंदकातलं हाड

गोरखपूर, जबलपूर
संक्रांतीनंतरचा रविवार, १९७२

प्रिय लतिका,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकिटावर विद्यापीठाचा शिक्का शोधशील. तो नाही. शिक्का गेला, शिपाई गेला, दारावरची पाटीही गेली. डिसेंबरअखेर मी कुलसचिवाच्या खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा भूगर्भशास्त्राचा साधा प्राध्यापक झालो. अमरावतीत तुझ्या कानावर हे आलं असेलच, आपल्या मराठी मंडळींत बातमीला तिकीट लागत नाही. तिथे पोचेपर्यंत तिचं काय झालं असेल देव जाणे. इथे मात्र सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे की लढाईनं साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्याला कारणही तसंच घडलं. लढाई लागली तशी गावाची झोप उडाली. एवढे दारूगोळ्याचे आणि तोफांचे कारखाने इथे, तेव्हा विमानं आली तर आपल्याच डोक्यावर येणार असं जो तो धरून चालला होता. खिडक्यांना काळे कागद लागले, खमरियाच्या कारखान्याचा भोंगा वेळीअवेळी वाजू लागला. वसतिगृहामागे खंदक खणायचा हुकूम मीच काढला. एके दिवशी भर दुपारी सायरन झाला आणि आम्ही सगळे कार्यालयातले लोक त्यात उतरलो. शेजारी आमचे हेडक्लार्क रामराव, डोळे मिटून मारुतीचं स्तोत्र म्हणत होते. भिंतीकडे तोंड करून बसायचं, असा नियम होता. मी बसलो आणि नाकासमोर पाहतो तर आपल्या टेकडीवरचा तोच हिरवट वाळूखडक, आणि त्यात रुतलेलं एक तपकिरी, जाळीदार टोक. त्याची एक कपची हाताशी सुटून आली. मी ती कोटाच्या बाहीला पुसली आणि जिभेला लावली. रामरावांचं स्तोत्र तिथंच थांबलं. ‘साहेब, माती काहून चाटून राहिले?’ धोका टळल्याचा भोंगा झाला, सगळे वर गेले, मी तिथंच बसून राहिलो. शेवटी तुळशीराम शिपायानं मला हाताला धरून वर काढलं. ‘घबराइए मत, साहबजी,’ म्हणाला बिचारा.

त्याच संध्याकाळी मी राजीनामा लिहिला. कुणावर राग नव्हता. एवढंच लक्षात आलं की या जिभेनं इतकी वर्षं ‘बघू’, ‘विचार करू’ आणि ‘नियमात बसत नाही’ यापलीकडे काही केलं नव्हतं. त्या दुपारी तिला पुन्हा तिचं काम मिळालं.

आता वर्गावर जातो. पहिल्या दिवशी मुलं उभी राहिली ती बसेनातच, बसा म्हणायचं असतं हे मी विसरलो होतो. प्रश्न कुणी विचारत नाही. एकदा एका मुलीनं हात वर केला, मला केवढा आनंद झाला. तिला मायग्रेशन सर्टिफिकेट हवं होतं. दुपारी चहाच्या वेळी मी अजून दाराकडे बघतो, पण तुळशीराम आता नव्या साहेबांचा चहा नेतो, आणि तेच बरोबर आहे. बंगला सोडून इथे दोन खोल्या घेतल्या आहेत. दरवर्षी संक्रांतीला बंगल्यात तिळगुळाच्या डब्यांना जागा पुरत नसे. यंदा फक्त घरमालकीण भानुमतीबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला. ते सगळं खुर्चीसाठी होतं हे मला ठाऊक होतं, तरी दिवसभर मी दार उघडं ठेवून बसलो होतो. लतिका, मला फार एकटं वाटतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायला कुणी नाही हेच तर त्यातलं दुःख आहे.

आपली टेकडी तुला आठवते ना? ती आता कारखान्याच्या कुंपणात गेली, बंदूकवाला पहारेकरी उभा असतो. तिथं आपण भाकरी बांधून नेत होतो. दगड जिभेला चिकटत नाही, जुनं हाड चिकटतं, ही खूण पुस्तकातली. पण इथली माती लबाड, वाळली की तीही जराशी धरते. म्हणून तू नियम केलास: एकानं चाखायचं, काही न बोलता दुसऱ्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्यानं चाखायचं, आणि मग दोघांनी एकदम बोलायचं. एकमत झालं तरच तुकड्याला नंबर. मी चेहरा कोरा ठेवायचो आणि तू तो दरवेळी वाचायचीस. मग तुझ्या आईनं अंथरूण धरलं आणि तू अमरावतीला गेलीस, तिला बरं वाटलं की येते म्हणून. मला खुर्ची मिळाली ती दोन वर्षांपुरती. तुझी आई गेली, माझी दोन वर्षं काही संपेनात. मी बोलावलं नाही, आणि बोलावल्यावाचून येणारी तू नव्हेस.

खंदक आता बुजवणार आहेत. लढाई संपली, परवा एक मुलगा त्यात पडून पाय मुरगळून बसला. खुर्चीत असतो तर एका सहीनं थांबवलं असतं. नवे साहेब भले आहेत, होळीपर्यंत थांबतो म्हणाले. मोठं टोक अजून भिंतीतच आहे, त्याला मी हात लावलेला नाही. फक्त ती कपची उन्हात वाळवून, कापसात गुंडाळून, चहाच्या डब्यात घालून या पत्राबरोबर पाठवतो आहे. वाळल्यावर मी पुन्हा एकदा जिभेला लावून पाहिली. काय वाटलं ते लिहीत नाही. मान वळवून ती शेजारी द्यायला गेलो, आणि शेजारी कुणी नव्हतं. म्हणून हे पत्र. तू लावून बघ. चिकटली की नाही ते मात्र मला लिहून कळवू नकोस, दोघांनी एकदम बोलायचं असं ठरलेलं आहे. होळीच्या आधी ये.

नंबर न घालता थांबलेला, तुझाच
श्रीरंग