पश्चिमेच्या खिडकीचे पडदे

राहाता,
२० मार्च २०२५

चि. सुहास यास ताईचे अनेक आशीर्वाद.

म्हातारी फोन सोडून पत्रं लिहीत बसते म्हणून सुनीती हसत असेल. हसू दे. तुझ्या भाऊजींच्या कानाशी फोन धरला की ते घाबरतात, आवाज कुठून येतोय ते शोधत राहतात. पत्र वाचून दाखवलं की मात्र डोळे मिटून ऐकतात, आणि आवडलं की डाव्या हाताचं बोट उचलतात. पक्षाघात झाल्याला आठ महिने होतील. चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या माणसाचं सगळं बोलणं आता त्या एका बोटात आलंय.

लिहायला कारण उन्हाचं. ह्यांची खाट पुढच्या खोलीत आहे, कारण न्हाणीघर तिथून जवळ. पण त्या खोलीची मोठी खिडकी पश्चिमेला. दुपारी दोनपासून ऊन जे काचेवर येतं ते सहापर्यंत हलत नाही. आतून जाड पडदे लावले, त्यावर जुनी चादर टाकली, तरी पडद्याला हात लावला तर इस्त्री केल्यासारखा गरम. कूलरने खोली दमट होते. एसी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून महिनाभर भाड्याने आणला होता, त्याच्या गारव्याने ह्यांचा उजवा हात आखडायला लागला, आणि ऐन दुपारी वीज गेली की तोही नुसता डबा. साळूबाई, ह्यांना आंघोळ घालायला आणि कूस बदलायला येतात त्या, म्हणतात की मास्तरांना तहान लागलेली सांगता येत न्हाई, हेच लई वाईट हाय.

तू मागे तुझ्या गॅलरीला बाहेरून गुंडाळायचे पडदे लावल्याचं लिहिलं होतंस. ते इथे बसतील का?

सर्वांस आशीर्वाद. तुमचा लोभ आहे, तो उन्हाने आटू देऊ नका.

तुझी,
मधुताई

*

नगर,
२४ मार्च

ती. भाऊजी व ती. सौ. ताई यांस सुहासचा सा. न. वि. वि.

पडदे बसतील का काय विचारतेस? बसवायलाच हवेत. ताई, तू पडदा आतून लावतेस तिथेच चुकतं. ऊन काचेतून आत आलं, की मग पडद्याने फक्त उजेड अडतो, तापलेली हवा खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. आमच्या वरच्या मजल्यावर गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळी भिंतीला पाठ टेकवत नव्हती. हे पडदे लावल्यापासून सुनीती तिथे बसून भाजी निवडते.

भाऊजींना बाहेरचं दिसणं बंद होईल अशी काळजी करू नकोस. कापड जाळीचं असतं. गडद रंगाचं घेतलं की आतून रस्ता दिसतो, बाहेरच्याला मात्र आतलं दिसत नाही. वर एक पेटी, त्यात दांडा, आणि बाजूला हँडल. साळूबाईसुद्धा फिरवू शकतील. काच आणि कापड यांच्यात वीतभर जागा ठेवायची, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते.

मापं मात्र खिडकीच्या बाहेरून घे, आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट जास्त धर. श्रीमंत म्हणून इथला एक कारागीर आहे, तो शिवून देईल. पाडव्याच्या आधी मी त्याला घेऊन स्वतः येतो. भाऊजी, कोर्टातली रजा तुमच्या विद्यार्थ्याला मिळतेच, अर्ज शुद्ध असतो ना!

आपला लोभ माझ्या लायकीपेक्षा जास्तच आहे, तो तसाच राहावा.

आपला,
सुहास

*

राहाता,
१ एप्रिल

चि. सुहास यास आशीर्वाद.

मापं तुझं पत्र आलं त्याच दिवशी धाडली होती, मिळाली असतील. साळूबाई स्टुलावर आणि मी खाली. त्यांनी आकडा सांगितला की मी आत येऊन ह्यांना सांगायची आणि हे बोट उचलायचे, जणू इंजिनियरच.

पाडवा झाला. तू आला नाहीस. तुझं पत्र मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं, त्यामुळे आदल्या दिवशी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली, पाडव्याला धुतलेला सदरा घातला. व्हरांड्यात तुझ्यासाठी खुर्ची काढली. हे चारपर्यंत फाटकाकडे बघत होते. चारला ऊन तोंडावर आलं म्हणून मी चादर ओढली, तर हाताने ती बाजूला सारू लागले. मग मी खिडकीत छत्री उघडून उभी राहिले. रस्त्यावरची माणसं बघून हसत असतील, हसोत.

काय अडचण आली ते कळव. सुनीतीची तब्येत बरी ना? मनात उगाच काहीबाही येतं.

इकडचं प्रेम आहे तसंच आहे, तिकडचं कळवत जा.

तुझी,
मधुताई

*

नगर,
८ एप्रिल

ती. भाऊजी व ती. सौ. ताई यांस सा. न. वि. वि.

पाडव्याला येता आलं नाही, क्षमा असावी. कोर्टात तपासणी लागली, आणि श्रीमंतला मनासारखं कापड मिळालं नव्हतं. आता गडद खाकी रंगाचं मिळालं आहे. राहात्याला वारा फार, म्हणून दोन्ही कडांना तार ओढून पडदा त्यात अडकवायचं त्याने सुचवलं आहे, म्हणजे फडफडणार नाही. काम झालं की लगेच निघतो. सुनीती बरी आहे, तिचा वन्संना नमस्कार.

लोभ असू द्यावा, रागही असला तरी चालेल.

आपला,
सुहास

(सोबतचा कागद फक्त तुझ्यासाठी. भाऊजींना वाचून दाखवू नकोस.)

ताई, वर लिहिलंय ते खोटं आहे. तपासणी नव्हती. पडदे तयार होऊन दहा दिवस झाले, इथे गॅलरीत गुंडाळून उभे आहेत.

मला भाऊजींसमोर यायचं धैर्य होत नाही. दिवाळीत आलो होतो ते आठव. मी खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांनी मला ओळखलं, आणि तोंड उघडं टाकून, लाळ गळत, लहान मुलासारखे रडू लागले. थांबेचनात. तू म्हणालीस की हे आनंदाचं रडणं आहे. मी चहा न घेता स्टँडवर आलो आणि समोरची नगरची गाडी सुटली तरी चढायचं भान राहिलं नाही.

बाबा गेल्यावर तीन वर्षं त्यांनी मला घरात ठेवलं. माझ्या वहीतल्या प्रत्येक चुकीखाली लाल रेघ मारून, ती का चूक ते शेजारी बसून सांगायचे. एकदाही आवाज चढवला नाही. त्या माणसाला तसं बघवत नाही मला. तो चेहरा बघितला की आधीचा चेहरा पुसला जातो. लाज वाटते सांगायला, पण किळससुद्धा आली होती ताई, क्षणभर. त्या क्षणाला मी भितो.

श्रीमंतला पडदे घेऊन टेम्पोने पाठवतो. तो दोन तासांत बसवून देईल. मला सोड.

सु.

*

राहाता,
१४ एप्रिल

चि. सुहास यास,

पडदे एकटे पाठवू नकोस. श्रीमंतबरोबर तू ये. नुसते पडदे दारात आले तर मी ते परत लावून देईन.

किळस मला येत नाही असं वाटतं का तुला? रोज सकाळी येते. मग हात धुते आणि चहा करते.

चार दिवस झाले, हे पाणी पीत नाहीत. चमचा ओठाला लावला की दात मिटतात, बळेच दोन घोट जातात तेवढेच. बोट उचलत नाहीत. खाट फिरवून दिली तरी तोंड भिंतीकडेच करतात. काल पारा बेचाळीसवर होता. साळूबाई ओला पंचा अंगावर ठेवतात, तो पाच मिनिटांत वाळतो.

ये.

मधुताई

*

नगर,
६ मे

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. तू सगळं डोळ्यांनी पाहिलंस, तरी काही गोष्टी तू झोपलेली असताना घडल्या. त्या लिहितो.

तुझं चौदाचं पत्र हातात पडल्यावरसुद्धा मी आठवडाभर उद्या उद्या करत राहिलो. ते आता लपवत नाही. बावीसच्या दुपारी तुझा फोन आला, फोन तू करतेस म्हणजे काय ते मी उचलायच्या आधीच ओळखलं. वीज तीन तास नव्हती, अंगात ताप एकशे पाच आणि घाम मात्र नाही, डॉक्टर उष्माघात म्हणाले, एवढंच तू सांगितलंस. दवाखान्यात ते सहा दिवस मी बाहेरच्या बाकावरच काढले, आत डोकावलो तेही ते ग्लानीत असताना. खरी भेट झाली ती पडदे घेऊन आलो तेव्हा, तीन तारखेला.

श्रीमंत बाहेर भिंतीला भोकं पाडत होता, तू आत नेऊन मला त्यांच्यासमोर उभं केलंस. मी मनाची तयारी केली होती. रडले तर हात धरायचा, तोंड पुसायचं, पळायचं नाही. ताई, ते रडलेच नाहीत. माझ्याकडे बघितलं, जसं भिंतीकडे बघतात तसं, आणि नजर पुढे गेली. मी नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं. जे रडणं बघवत नाही म्हणून मी सहा महिने आलो नाही, ते आता पायावर डोकं ठेवून मागितलं तरी मिळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू किती महिन्यांनी झोपलीस कोण जाणे. मी पडदा पूर्ण खाली घेतला. बाहेर रस्ता पांढरा पडला होता आणि आत संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. तीन वाजता खिडकीच्या गजाला हात लावून पाहिला. चटका बसला नाही. भाऊजी घोरत होते, कपाळ कोरडं आणि बेताचं गार. इतकं सोपं काम होतं. श्रीमंतने पावणेदोन तासांत केलं. मार्चमध्ये केलं असतं तर, हे वाक्य मी पुरं करत नाही.

त्यांच्या ओठांवरची लाळ मी पुसली. किळस आली नाही. आता आली नाही याचा काय उपयोग?

तुझा लोभ मागायचा हक्क मला उरलेला नाही, तरी मागतो.

तुझा,
सुहास

*

राहाता,
११ मे

चि. सुहास यास आशीर्वाद.

पडदे चांगले चाललेत. साळूबाई दीडला हँडल फिरवतात आणि सहाला वर घेतात. त्यांची सून म्हणते की आमच्या पत्र्याच्या घराला बी असलं काही हुईल का. श्रीमंतला विचारून ठेव. खोली दुपारी बसण्यासारखी झालीय. हे झोपतात. जागे असतात तेव्हाही झोपल्यासारखेच असतात.

तू सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन बसला आहेस. घेऊ नकोस, त्यातला मोठा वाटा माझा आहे, आणि तो तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

तुझी ती वेगळी चिठ्ठी मी ह्यांना वाचून दाखवली.

मुद्दाम वाचली. दहा एप्रिलचा दिवस होता. त्या सकाळपासून तीनदा चादर बदलली होती, साळूबाई आल्या नव्हत्या, आणि तुझे पडदे तिथे तयार पडलेत हे वाचून माझा तोल गेला. तुझ्यावरचा राग काढायला समोर तू नव्हतास, हे होते. मी खाटेजवळ उभी राहून मोठ्याने वाचलं. किळस हा शब्दसुद्धा गाळला नाही. म्हटलं की बघा, तुमचा लाडका काय लिहितो ते. ह्यांनी डोळे मिटले नाहीत. पूर्ण ऐकलं, आणि मग तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर आपणहून चमचा घेतला नाही. बोटही उचललं नाही, ते आजतागायत.

तुला चौदा तारखेला लिहिलं तेव्हा मी हे दडवलं. डॉक्टरांपासूनही दडवलं. ते म्हणाले की उन्हाने पाणी आटलं. मीही येणाऱ्याजाणाऱ्याला ऊनच सांगते. ऊन होतंच, सुहास. पण पाणी त्यांनी आधी सोडलं होतं.

आता खोली गार असते, हे गप्प असतात, आणि मी समोर बसून क्षमा मागते. कळतं का, ते कळत नाही.

तुला राग येईल. येऊ दे. तोही मी समजून घेईन, पण पत्र बंद करू नकोस.

ताई

*

नगर,
१५ मे

ती. सौ. ताईस सुहासचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचल्यावर राग आला, खूप आला. सुनीतीने जेवायला हाक मारली तर तिच्यावर ओरडलो. तू वाचायला नको होतंस. असं काही नाही, त्यात काय झालं, असं मी लिहिणार नाही, कारण भाऊजींनी खोटं लिहायला शिकवलं नव्हतं आणि जेवढं खोटं लिहिलं तेवढ्याने पुरे झालं.

पण आठ महिने तू एकटीने चादरी बदलल्यास, आणि मी नगरहून पडद्यांवर निबंध लिहीत होतो. तुझा तोल गेला तेव्हा दुसरं माणूस त्या घरात असायला हवं होतं. ते माणूस मी होतो.

सुनीतीशी बोललो. ती म्हणाली की बोलण्यात वेळ घालवू नका, बॅग भरा. महिन्याभराची रजा टाकली आहे, पुढचं पुढे बघू. उद्या दुपारच्या गाडीने येतो. सकाळची आंघोळ, कूस बदलणं, चमच्याने पाणी, हे मला साळूबाईंकडून शिकून घ्यायचं आहे. तू आधी काही दिवस नुसती झोप.

भाऊजींना काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. त्यांना कळणार नाही असं डॉक्टर म्हणतात. मी तरीही त्यांच्यापाशी बसून, त्यांनी शिकवलं तसं, कुठे चुकलो ते पहिल्यापासून सांगणार आहे. ते बोट उचलोत वा न उचलोत.

मागच्या खोलीत माझी सोय करू नकोस. अंथरूण त्यांच्या खाटेशेजारी टाक.

मायेचं काय लिहू, ती समोरासमोर बघू.

तुझा,
सुहास