तू बोट ठेवलंस ती जागा

आये, तुझ्या पोटावरची ती चार भोकं अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. कॅन्सर म्हणून मुंबईला तुझी गर्भाशयाची पिशवी काढली, तीही दुर्बिणीतून. सूर्यमाळहून काकी बघायला आली आणि हसलीच, "याला काय आपरेशन म्हणायचा?" मीही तोऱ्यात सांगत होते, बघा, चिरफाड नाही, आई चालत घरी आली. डॉक्टर म्हणाले होते, पोट गॅसने फुगवतात, दोन-चार दिवस दुखेल, मग जाईल. बाकीचं काय सांगितलं ते विसरले, एवढं मात्र पाठ झालं.

आठव्या दिवशी जव्हारच्या माझ्या खोलीत तू चुलीपाशी बसली आहेस. शाळेत तपासणीला साहेब येणार, माझी घाई चाललेली. तू पदर सरकवतेस, बेंबीजवळच्या भोकावर बोट ठेवतेस. "पोरी, हात लाव इथं. हा वारा नाय. वारा हिंडतो, हा एका जागी बसलाय." पाड्यावरच्या निम्म्या बायकांची बाळंतपणं तुझ्या हातची, नुसत्या हाताने मूल आडवं आहे की उभं ते सांगायचीस तू! आणि मी काय म्हणाले? "डॉक्टर शिकलेत की तू?" ओव्याचं पाणी पुढ्यात ठेवलं आणि निघाले. संध्याकाळी आले तर तू हिरवं ओकत होतीस.

रात्री तुला नाशिकला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या भोकात आतडं अडकून काळं पडलं, असं क्वचितच होतं, सकाळी आणायला हवं होतं. "आधी काही बोलल्या नाहीत?" मी म्हणाले, "नाही. तिला सोसायची सवय आहे." दोन दिवसांनी तू गेलीस. दहाव्याला सगळे तेच बोलत होते, बाई सोसणारी, दुखणं लपवलंन. मी मान डोलावत होते.

आता वर्गात कुणी पोट दुखतं म्हटलं की मी खडू ठेवते आणि हात लावून बघते. कार्ट्यांचं गणिताच्या तासालाच दुखतं, मला कळतं, तरी बघते. तुझा आवाज येतो गं, हात लाव.

भावाला हे वाचायला द्यायचं ठरवलं होतं. नाही देणार, त्याच्यासाठी तू अजून सोसणारीच आहेस. आणि खरं सांगू? डॉक्टरांवर विश्वास होता म्हणून मी हात लावला नाही, असं नाही. तुझ्या पोटाला तेल चोळलेलं होतं आणि माझी साडी इस्त्रीची होती.