जजसाहेबांच्या घरची गोधडी

३ सप्टेंबर १८४३

पोचले एकदाची! बैलगाडीने हाडं खिळखिळी केली, पण नदी ओलांडून जज अ‍ॅब्सलम थ्रेलकेल्ड यांचं घर दिसलं आणि सगळा शीण गेला. ओकच्या ओंडक्यांचं घर, आणि खिडक्यांना चक्क काचा! या मुलखात पहिला नांगर यांनी धरला, म्हणून मागाहून आलेल्यांनी यांनाच जज केलं. सरकारी न्यायालय फार लांब, आणि इथल्या लोकांना तेवढा धीर नाही.

मी आले आहे त्यांच्या दोन्ही मुलींना शिकवायला. थोरली केझाया अबोल, पण सुई धरली की हात दिसत नाही. धाकटी डॉर्कस नऊ वर्षांची, तिच्या तोंडाचा पट्टा सुरूच. मास्तरीणबाई, तुम्ही छडी मारता का, हा तिचा पहिला प्रश्न. अजून कोणी तशी वेळ आणली नाही, म्हटलं. आई नाही बिचाऱ्यांना.

बैठकीच्या खोलीत गोधडीची चौकट छताला दोरांनी टांगली आहे. शिवायला खाली घेतात, जेवायच्या वेळी वर ओढतात. माझी खोली बरोबर तिच्यावर, त्यामुळे जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून रंगीत तुकडे दिसतात. केझायाने माझ्या निळ्या झग्याचा एक तुकडा मागितला, मैत्रीखातर. केंटकी सोडताना मैत्रिणींनीही असेच तुकडे घेतले होते. मला भरूनच आलं. आईने शिवलेला झगा, तरी दुमडीतला तुकडा हौसेने कापून दिला.

११ सप्टेंबर

जजसाहेब भला माणूस आहे. जेवणाआधी लांबलचक प्रार्थना म्हणतात आणि मक्याची भाकर थंड होते, एवढीच तक्रार. आज जेवणाच्या टेबलावरच कोर्ट भरलं. एकाच्या डुकरांनी दुसऱ्याचा मका खाल्ला होता. साहेबांनी दोघांना मिळून कुंपण घालायला लावलं. सगळे हसत गेले.

होडीवाला गिडियन स्पार्क्सही आला होता. मला नदीपार त्यानेच आणलं. म्हणाला, बाई, तुमच्या पुस्तकांच्या पेटीने माझी होडी अजून कण्हतेय! केझायाने त्याच्या लाल चौकडीच्या शर्टाचं कोपर सांधून दिलं. मला तो आवडतो. लिहून टाकलं, झालं.

२० सप्टेंबर

गोधडीत नवा तुकडा लागला, लाल चौकडीचा. शर्ट सांधताना कापला असणार. मी केझायाला चिडवलं, स्वारी मनात भरलेली दिसते! माझ्याच पोटात जरा दुखलं, खोटं कशाला बोलू. ती लाजली नाही. हसलीही नाही. दोरा तोडून चौकट वर ओढली.

२४ सप्टेंबर

गिडियनला बांधून आणलं. कोणाचा तरी चोरीला गेलेला घोडा त्याच्या होडीपाशी सापडला. पलीकडे न्यायला ठेवून गेलेत, तो सांगत होता. कोण ठेवून गेलं, हे एकानेही विचारलं नाही. साहेबांचा चेहरा मवाळ झाला होता, मी पाहिलं, आता सोडणार असं वाटलं. मग त्यांनी मान वर करून चौकटीकडे पाहिलं. बराच वेळ. आणि फाशी सांगितली.

साहेब, माझं ऐकून तरी घ्या हो! ते ओरडणं कानातून जात नाही.

कोठारामागच्या ओकवर. मग टेबल पुसून ते जेवायला बसले.

२५ सप्टेंबर

डॉर्कसला गोधडीबद्दल विचारलं. ती पाढे म्हणावेत तशी म्हणाली, आधी तुकडा लागतो बाई, मग माणूस येतो. हा सुताराचा. हा त्या दाढीवाल्याचा. मधला पांढरा आईच्या एप्रनचा. आई आजारी होती का, विचारलं. नाही, म्हणाली, तो बाबांचा पहिला खटला.

साहेबांना गाठलं. ते फार थकलेले दिसले. म्हणाले, मी नुसता वाचून दाखवतो, बाई. ठरतं ते तिथे. आणि बोट वर केलं.

माझा तुकडा केझायाच्या टोपलीत आहे.

२९ सप्टेंबर

केझायाकडे तुकडा परत मागितला. दिलेलं परत मागतात का बाई, म्हणाली. गोड हसली, पहिल्यांदाच.

नदीवर गेले. होडी पलीकडच्या काठाला बांधलेली. आणणार कोण? होडीवाल्याला तर —

पाणी चढलंय. मला पोहता येत नाही.

२ ऑक्टोबर

निळा. लाल चौकडीला लागूनच.

सगळी मक्याच्या शेतात होती. चौकट खाली घेतली, टाके उसवले. भोक ठेवून चालणार नव्हतं, तिला कळलं असतं. खुंटीवर साहेबांचा काळा कोट होता. आतल्या दुमडीतून तुकडा कापला. लावला.

माझा तुकडा चोळीत, छातीशी आहे. पाप असेल तर असू दे. साहेबांनी गिडियनचं ऐकून घेतलं नव्हतं.

३ ऑक्टोबर

न्याहारी झाल्यावर साहेब म्हणाले, आज कोर्ट आहे. आरोपी कोणीच नव्हता. कोट घातला, बसले, वर पाहिलं — आणि स्वतःचंच नाव वाचलं. चेहरा असा, जसा काही सुटलाच. दोर स्वतः घेऊन ओककडे गेले. केझाया शिवत बसली. मी धावले, पण —

मला हे नको होतं. नाही. हवं होतं.

४ ऑक्टोबर

माणसं जमली आहेत. मला वर कोंडलंय. साहेबांच्या खुर्चीत केझाया. तिने कोटाची दुमडी उलटून कापलेली जागा सगळ्यांना दाखवली. डॉर्कस रडतेय, बाई, तुम्ही बाबांना का लावलंत?

तुकडा जाळून टाकते. चोळीत हात —

नाही. पेटीत नाही. अंथरुणात नाही. काल छातीशीच घेऊन झोपले —

चौकट वर ओढली. फटीतून दिसतेय. काळा आहे. त्याच्या शेजारी — निळा. आईचे टाके अजून त्याच्या कडेला —

केझाया वर पाहतेय. फटीतून सरळ माझ्याकडे. तोंड उघडलं. माझं ना