दोऱ्याने मोजलेलं अंतर

सोलापूर, गुरुवार, २१ नोव्हेंबर १९७४. संध्याकाळ.

अप्पांचा श्वास दुपारपासून घरघरतोय. रात्रीचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. डोळे उघडले की अप्पा थोरल्या मुलाचीच, म्हणजे माझ्या अण्णांचीच, चौकशी करतात, "मल्लू कुटं हाय?"

काल हैदराबादला ट्रंककॉल केला तेव्हा अण्णा आजच्या रेल्वेनेच निघणार होते. मीच म्हणालो, "गाडी नको, विमानानं पुण्याला या." भूगोलाचा मास्तर ना मी! शाळेच्या नकाशावर दोरा धरून मोजलं होतं. हैदराबाद ते पुणे पाचशे किलोमीटर, विमानाला दीड तास. तो दोरा अजून खिशात आहे.

आणि पुण्याहून सोलापूर? ते मोजलंच नाही. विमान चारला उतरलं असेल, पुढे एसटीने सात तास. म्हणजे अकरा वाजणार. दोरा सोलापूरच्या अगदी जवळून गेला होता, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. अण्णा आपल्याच गावावरून पुढे गेले की!

मघाशी तीच हैदराबादची गाडी स्टेशनात शिरली. शिट्टी ऐकून अप्पांनी डोळे उघडले.

"मल्लू आला की. दार उगड."

मी उठलो आणि दार उघडलं.