दारियेलाच्या सोहळ्यात लसीची पेटी आणू देण्याबाबत

प्रति,
मा. एव्हेलियो काल्दोना,
जिल्हा शिक्षण अधिकारी,
सान खासिंतो, होंडुरास

विषय : पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यातच एचपीव्हीची लस टोचण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, "पालकांच्या सोयीची तारीख पाहून लसीकरण करावे."

महोदय,

मी सरकारी माध्यमिक शाळेची नर्स. सविनय कळवते की, सोयीची तारीख मला सापडलेली नाही. खूप शोधली.

१. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आणि पुढे कॅन्सर करू शकणाऱ्या या विषाणूपासून कसे जपावे हे मुलामुलींना समजावणे माझे काम. मुख्याध्यापिकाबाईंनी तास दिला, पण मुलांना फुटबॉल खेळायला पिटाळले. लागण मुलांनाही होते हे सांगितले, तर म्हणाल्या, "त्यांच्या डोक्यात कशाला भरता नसतं काही?" आता मी दिसले की मुले मैदानातून ओरडतात, "नर्सबाई, रोज या हो!" इतकी लोकप्रिय नर्स जिल्ह्यात दुसरी नसेल.

२. मुलींच्या आयांना भेटले. सोहळ्याआधी म्हणतात, "अहो, लेकरू आहे अजून! आणि दंड सुजला तर? झगा बिनबाह्यांचा शिवलाय." बरे. सोहळा झाला, म्हणजे पोर रीतीने बाई ठरली, की गेले, तर त्याच आया दार ओढून घेत कुजबुजतात, "आता टोचली तर लोक विचारतील ना, आताच का? पोरीनं काय केलं?" अहो, काही होण्याआधी द्यायची म्हणून तर ती लस! सांगून सांगून घसा बसला. आदल्या दिवशी लवकर आणि दुसऱ्या दिवशी उशीर, मग मधे उरतो तो फक्त नाच.

३. आपली भाची दारियेला हिने भर वर्गात विचारले, "ही लस माझ्या आईच्या वेळी होती का?" मी म्हटले, "तिच्या शाळेत नव्हती गं." ती म्हणाली, "मग मला द्या." बाप उत्तरेला अमेरिकेत गेला तो गेलाच, त्यामुळे संमती आपली लागते. आणि आपण म्हणालात, "सोहळा होऊ द्या, मग बघू."

एव्हेलियोसाहेब, दारियेलाची आई मिर्नाताईसुद्धा तपासणीला "नाताळ होऊ दे, मग बघू" म्हणाल्या होत्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने त्या गेल्या, त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून हे मला तुम्हीच रडत सांगितलेत. मला राग येतो. येऊ नये का?

४. शनिवारी सोहळ्यात रिवाजाप्रमाणे बापाच्या जागी आपण गुडघा टेकून दारियेलाचे सपाट बूट काढाल आणि बाईचे, उंच टाचेचे घालाल. त्या वेळी मी हॉलच्या स्वयंपाकघरात बर्फाची पेटी घेऊन उभी असेन. झगा बिनबाह्यांचा आहे, माझी सोयच झाली. आपण नुसती मान हलवा, सही नंतर करा.

नको, सही आताच करा. "नंतर" या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही.

आपली त्रासलेली, तरीही नम्र,
इदालिया मेंब्रेन्यो
शाळेची नर्स
दि. १४ मार्च

सोबत :
१. संमतीपत्र, कोरे
२. पेन, चालू