तीस दिवसांत परत

चेन्नई, २० नोव्हेंबर २००६

ती. गोदाअक्कास धाकट्या व्यंकटेशाचा नमस्कार. (समोर असतीस तर पाया पडलो असतो; पण पुढचं वाचून तू पाय मागे घेशील, म्हणून आधीच कागदावर पडून घेतो.) तुझे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे पाऊस, माझा दमा आणि तुझ्या भावजयीचा, सुंदरीचा राग, तिन्ही व्यवस्थित चालू आहेत.

पत्रास कारण की, वाद्यांचं दुकान बंद करतोय. तू ते कधी पाहिलं नाहीस, पण पाहण्यासारखं काही नव्हतंच. सगळं आमच्या लेकीच्या, कीर्तनाच्या संगणकात होतं. तीन वर्षांपूर्वी गिंडीच्या कारखान्याने मला मुदतीआधी घरी बसवलं, तेव्हा लेकीने शोळिंगनल्लूरच्या आपल्या ऑफिसात बसून (कामाच्या वेळात, हे कुणाला सांगू नकोस) वीणा-मृदंग विकायचं संकेतस्थळ काढलं. परदेशातली दुकानं म्हणे तीस दिवसांत माल परत घेतात, म्हणून आम्हीही ठळक अक्षरांत तसं लिहिलं. ही अक्कल माझी. वांगं दाबून पाहिल्याशिवाय न घेणारं हे गाव, तार छेडल्याशिवाय वीणा कोण घेणार? पहिलं वर्षभर लोक फोन करून वाजवून दाखवा म्हणत, आणि मी रिसीव्हर वीणेशी धरून एकच तार छेडत बसे. दुसरं मला येत नाही. (अम्माने वीणा तुला शिकवली, मला भाजी निवडायला शिकवलं.)

मग यंदा नवरात्राआधी अकरा वीणा गेल्या! हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी. मी गल्लीत मैसूरपाक वाटला. दसरा झाला आणि आठवड्याभरात अकराच्या अकरा परत आल्या. लोकांनी त्या घरोघरच्या कोलूच्या पायऱ्यांवर, नवरात्रात मांडतात त्या बाहुल्यांशेजारी मांडल्या, सरस्वतीपूजेला कुंकू लावलं, आणि बाहुल्या ट्रंकेत गेल्या तशा वीणा खोक्यात घालून धाडल्या. एक वीणा हलवली तर आतून प्रसादाच्या सुंडलचे हरभरे वाजले. अण्णा नगरच्या एका गिऱ्हाईक मामींना मी विचारलं, एकदा तरी वाजवलीत का? त्या म्हणाल्या, "अय्यो, वाजवायला कशाला? देवीपुढे ठेवायला मागवली होती. पुढच्या वर्षी हीच पाठवा हं, कुंकवाची. नवी नको." त्या अकरा वीणा आता हॉलमध्ये उभ्या आहेत, आणि आम्ही दोघं त्यांच्यामधून अंग चोरून स्वयंपाकघरात जातो.

आता वाईट बातमी. (आतापर्यंतची चांगली होती.) संकेतस्थळावरचा फोटो अम्माच्या वीणेचा होता, कारण नव्या वीणांना ते रूप येईना. लग्न होऊन पुण्याला जाताना तू बजावलं होतंस, मी मागेन तेव्हा दे, तोवर सांभाळ. एकतीस वर्षं सांभाळली. गेल्या महिन्याच्या शेवटी पुण्याच्याच, रास्ता पेठेतल्या महालक्ष्मी नावाच्या बाईंची ऑर्डर आली. त्या दिवशी मी बँकेत, सुंदरी आंघोळीला, आणि कुरियरवाल्याने चुकून तीच वीणा उचलून नेली. भिंतीशी तिची जागा मोकळी आहे. घरात पाय ठेवायला जागा नसूनही तिथे आम्ही काही ठेवत नाही. मला फार वाईट वाटतंय, अक्का. आमच्या दुकानातून गेलेली आणि परत न आलेली ती एवढी एकच वस्तू.

भावोजींना नमस्कार. त्यांना हे वाचून दाखवू नकोस, ते हसतील.

तुझा,
व्यंकटेश

ता.क. सुंदरी म्हणते, म्हाताऱ्या बहिणीशी खोटं बोलू नका. कुरियरवाल्याची काही चूक नाही. वीणा मीच बांधली, माझ्या पांघरायच्या रजईत. त्या बाईंना फोटोतलीच हवी होती. मी नाही म्हणणारच होतो, पण त्यांनी विचारलं, ती आता कोण वाजवतं? मी फोन ठेवला आणि रजई आणायला गेलो.

ता.क. दुसरा. तीस दिवस ३० तारखेला संपतात. तोवर तू मागितलीस तर त्या परत देणार आहेत. मी तुझं नाव सांगून तसं कबूल करून घेतलंय. पत्ता मागे लिहिलाय, तुझ्याकडून रिक्षाने पंधरा मिनिटं. जा. फक्त गेल्या गेल्या घंटी वाजवू नकोस. आधी थोडा वेळ दाराबाहेर उभी राहा. आत वीणा वाजत असली तर तशीच घरी परत ये, आणि काय वाजत होतं तेवढं मला कळव.